नागिणीची लस आन आईची कूस

पोरींनो, मी ग्रुपवर कवा काय लिहीत न्हाई, पर आज ऱ्हावंना.

सकाळी आई आन मी आबांना नागिणीची लस द्यायला कराडला गेलतो. गेल्या साली आईच्या कमरंला नागीण झालती. आदी गेरूनं अंगावर नाग काढनाऱ्याकडं न्हेलं, दवाखान्याला उशीर झाला. फोड गेलं, पर आग ऱ्हायली. साडी घासली तरी कळवळती. तवापस्नं मी तिच्या कुशीत झोपले न्हाई.

आबा फौजेतलं, पर सुई बघून घामाघूम. आई म्हनली, "आवं, बॉर्डरवर बी असंच थरथरत व्हतासा व्हय?" डॉक्टरीणबाई लय हासल्या.

मग आईनंच बाही वर केली. "मला बी द्या. म्हंजी पोरीला जवळ घेता यील."

बाई म्हनल्या, "पुन्हा होऊ नये म्हणून देते. पण ही जुनी आग लशीनं जायची नाही."

आईनं बाही तशीच वर धरली. मग म्हनली, "द्या तरी."

येताना यष्टीत तिनं माझा हात धरला, पर मधी पिशवी ठिवली, धक्का लागू ने म्हनून.

तुमच्या घरात कुनाची अशी आग कमी झालीया का? कशानं, ते सांगा. मला आईला एकदा घट्ट मिठी मारायचीय.