मोठं म्हणजे कुठलं

बाजारामागच्या गल्लीतल्या सायकलदुरुस्तीवाल्याला सगळे दंतवैद्य म्हणायचे. गिअरच्या चक्रांचे दात तो डोळे मिटून अंगठ्याने मोजायचा, आणि चाळीस वर्षांत मोजणी कधी चुकली नव्हती. "आमच्या दाढेचंही बघा की जरा," असं कुणी म्हणालं, की तो नुसता हसायचा.

त्या सोमवारी सकाळी खिळ्यावर टांगलेलं एक चक्र त्याने सहज चाचपलं. अडतीस दात. भाचीच्या सायकलचं, काल पुढून काढलेलं. त्या जागी त्याने शेहेचाळीसचं बसवलं होतं. "मामा, आता रोज घाट चढायचाय. मोठं चक्र टाक," असं तीच म्हणाली होती.

घाट! दुकानात येणारे शर्यतवाले मोठं म्हणतात ते पुढचं, पॅडलजवळचं. सपाट रस्त्यावर वेगासाठी. चढाला मोठं लागतं ते मागच्या चाकावर, म्हणजे पाय हलका पडतो. भाची मागचं म्हणत होती. आणि त्याने पुढचं बसवून पॅडल आणखी जड करून ठेवलं होतं.

तिच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया होऊन वर्ष झालं नव्हतं. पुन्हा दुखावला तर सायकल विसरा, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. आज घाटावरच्या शाळेत तिचा पहिला दिवस होता.

फोन लागेना. बायकोला घोटाळा सांगत तो दुकानात येरझाऱ्या घालू लागला.

"अहो, बसा जरा," बायको म्हणाली. "बसवताना लक्ष कुठे होतं?"

"हातात."

"थोडं कानात ठेवायचं होतं."

अडतीसचं चक्र, मागच्यासाठी चौतीस दातांपर्यंतचा संच आणि हत्यारं पिशवीत कोंबून तो भाजीच्या टेम्पोत चढला. प्रत्येक वळणाला मान बाहेर.

तिसऱ्या वळणावर भाची सायकल ढकलत चालली होती.

"मामा? तुलापण शाळेत घालायचं ठरलंय का?"

"गुडघा?"

"कुरकुरला, म्हणून लगेच उतरले. पॅडल कसलं, जातं फिरवत होते मी."

"तू मोठं म्हणालीस..."

"मागचं रे, मामा!"

"हो. ते आज कळलं."

टेम्पो निघून गेला. रस्त्याच्या कडेला बसून त्याने काम सुरू केलं. पाना दोनदा निसटला. शेवटी त्याने डोळे मिटून मागचं मोठं चक्र मोजलं. मग डोळे उघडून पुन्हा मोजलं, मोठ्याने, तिच्या देखत. चौतीस. ती हसली नाही.

"हळू जा. दुखलं तर उतर. पहिल्या दिवशी उशीर झाला तरी चालतो."

ती निघाली. पाय भराभर फिरत होते, सायकल मात्र मुंगीच्या पावलांनी चढत होती. त्याला तेच हवं होतं.

अर्ध्या तासाने फोन वाजला. "पोचले. गुडघा गप्प आहे. तू कुठे आहेस?"

"दुकानात," तो म्हणाला.

तेवढ्यात घाटाच्या त्याच वळणावर त्याच्या शेजारून एक ट्रक कर्कश हॉर्न वाजवत गेला.

"मामा," भाची म्हणाली, "दुकानातून ट्रक गेला वाटतं?"