जपानी गाण्यातली घंटा

भवानी पेठेत आमच्या शेजारी राहणाऱ्या मास्तरीणबाई बोलताबोलता थांबत आणि मांडीवर बोटांनी ताल धरत. जपानी व्यापाऱ्याकडे नोकरीला असलेल्या भावानं त्यांना तिकडच्या लोकगीतांची तबकडी आणून दिली. ती ऐकून, स्वतः पेटी नुकतीच शिकल्या असूनही, त्यांनी आम्हा बायकांच्या वाद्यमेळासाठी एक चाल रचली. पेटी त्यांची, टाळ माझे, पाण्याचे पेले आणखी दोघींकडे.

माझ्या सासूबाईंच्या तोंडाचा पट्टा दिवसभर माझ्यावर चालू असे, आणि भिंतीपलीकडं सगळं ऐकू जाई. मास्तरीणबाईंनी त्यांच्या हाती आपल्या देवघरातली घंटा दिली.

"शेवटी एकदाच वाजवायची, काकू. तोवर बोललात तर सूर मोडेल."

चैत्रातल्या हळदीकुंकवाला सासूबाई ओठ मिटून बसल्या आणि माझे टाळ पहिल्यांदाच न चुकता वाजले. शेवटी घंटा खणखणली.

मी हळूच विचारलं, "तबकडीत घंटा कुठं आहे?"

"तबकडीत नाहीच की," पेटी झाकत त्या म्हणाल्या.

तेवढ्यात सासूबाई आल्या. "लई झकास झालं. पुढच्या खेपेला मला दोन येळा वाजवू दे."

"देते की," मास्तरीणबाई गंभीरपणे म्हणाल्या, "पण मग गाणं दुप्पट लांबवावं लागेल."