लव्हॉन ह्रुस्का आणि मैदानातली मधली रेघ

आमच्या विद्यापीठाच्या मुलींच्या बास्केटबॉल संघाचा इतिहास लिहायचा म्हटलं, तर पहिला हिवाळा सगळा एका रेघेपाशीच अडकतो.

अमेरिकेतल्या आमच्या आयोवा राज्यातल्या शाळांमधून मुली तेव्हा सहा-सहा जणींचा खेळ खेळत. तिघी मैदानाच्या एका अर्ध्यात बास्केट करणाऱ्या, तिघी दुसऱ्या अर्ध्यात अडवणाऱ्या. मधली रेघ ओलांडली की शिट्टी! लव्हॉन अडवणारी. शाळेच्या सहा वर्षांत तिने एकही गुण केला नाही आणि समोरच्या मुलीलाही फारसे करू दिले नाहीत.

१९७४ साली विद्यापीठाने मुलींचा संघ काढला, तो पाच जणींचा. अख्खं मैदान मोकळं. लव्हॉन चेंडू हिसकावून वाऱ्यासारखी सुटायची आणि रेघेपाशी करकचून थांबायची. मागून येणाऱ्या दोघी तिच्यावर आदळायच्या.

संघाच्या प्रशिक्षक नॉर्लिंगबाई. मूळच्या पोहणं शिकवणाऱ्या. शिट्टी होती म्हणून त्यांना हे काम मिळालं.

"ह्रुस्का, तिथे विहीर आहे का गं?"

"नाही, बाई. पाय ऐकत नाहीत."

बाईंनी तिला छताकडे बघत पळवलं. थांबली. उलटं पळवलं. पाठमोरीसुद्धा बरोब्बर रेघेवरच थांबली! शेवटी बाई म्हणाल्या, "शनिवारच्या सामन्यात थांबलीस, तर वर्षभर बाकावर. तुझ्या जागी ती शिकागोची पोरगी, तिला ही रेघ माहीतच नाही."

शाळा संपली की मुलींनी चेंडू कपाटात ठेवायचा, अशीच आमच्याकडे रीत. हा संघ सुटला की खेळच सुटला.

व्यायामशाळा मुलींना पहाटे मिळायची, मुलगे उठायच्या आत. लव्हॉन त्याच्याही आधी जाऊ लागली. आधी नुसती चालत रेघ ओलांडली, पन्नास वेळा. मग चेंडू आपटत. मग पळत. शुक्रवारपर्यंत शंभरात दहा-बाराच वेळा थांबत होती.

शनिवारी आसपासचा सगळा मक्याच्या शेतांचा मुलूख सामन्याला लोटला. लव्हॉनची आई ब्लांश पहिल्या रांगेत. तीही आपल्या काळची अडवणारीच.

सामन्याच्या उत्तरार्धात लव्हॉनने चेंडू हिसकावला आणि सुटली. रेघ जवळ आली तशी सवयीने अख्खी गर्दी ओरडली, "रेघ! रेघ!" सगळ्यांत वरचा आवाज ब्लांशचा: "लव्हॉन, थांब गं! शिट्टी होईल!"

लव्हॉनचा पाय अडखळला. अर्धा क्षण वाटलं, संपलं.

"आई, गप्प बस!" ती ओरडली आणि पलीकडे गेली.

बास्केटखाली पोचल्यावर तिच्या लक्षात आलं, चेंडू टाकायचा कसा हे आपण कधी शिकलोच नाही. तिने तो दोन्ही हातांनी, बादलीतलं पाणी भिरकावावं तसा खालून भिरकावला. फळीवर आपटून परत. पुन्हा भिरकावला, पुन्हा परत. तिसऱ्यांदा गेला.

सामना आम्ही अकरा गुणांनी हरलो.

"बाई, बाकावर बसू?" लव्हॉनने विचारलं.

"बसतेस कशाला? सोमवारी पहाटे ये. चेंडू टाकायला शिकवते." बाईंनी गळ्यातली शिट्टी काढली. "म्हणजे, आधी मी शिकते."

बाहेर ब्लांश गाडीपाशी हाताची घडी घालून उभी होती.

"चारचौघांत मला गप्प बस म्हणालीस."

"हो, आई."

"हं." तिने दार उघडलं. "पुढचा सामना कुठल्या गावी?"