कागदाचे त्रिकोण

२००१ साली माझा नवरा बोटीवर नोकरीला असतानाच हृदयविकाराने गेला. पंधराव्या दिवशी मी राजापूरच्या शाळेत पुन्हा हजर झाले. घरी बसून करायचं काय, एवढाच विचार होता.

सातवीला भूमिती होती. फळ्यावर त्रिकोण काढला, पण पुढचं वाक्य तोंडातून येईना. रडू येत होतं असंही नाही. नुसतं बोलणंच नको झालं होतं. टेबलावर जुन्या कॅलेंडरची पानं होती. मी ती वाटली आणि एवढंच म्हटलं, "त्रिकोण कापा. मी घडी घालते तशी घाला."

वरचा कोपरा खालच्या बाजूवर टेकवला. मग दोन्ही बाजूंचे कोपरे दुमडून त्याच्या शेजारी आणले. तीन कोन एका सरळ रेषेवर बसले, मध्ये फट राहिली नाही. मुलं उठून एकमेकांचे कागद बघू लागली.

"बाई, माझा नाय जुळत," मागच्या बाकावरची मुलगी म्हणाली. तिचे वडील कुवेतला असायचे, त्यामुळे दुबई-कुवेतच्या गप्पा ती वर्गात रंगवून सांगायची. तिने पसरट त्रिकोण कापला होता आणि आखूड बाजू खाली धरली होती. मी कागद फिरवून लांब बाजू खाली केली. तिने पुन्हा घडी घातली. जुळलं.

ती माझ्याकडे बघत राहिली. "बाई, तुम्ही आता बोलत का नाय?"

"बोलते की."

"नाय बोलत." हातातली घडी उलगडत ती म्हणाली, "नका बोलू. नुसतं करून दाखवा. आमाला समजतंय."

मला काहीतरी वाटायला हवं होतं. मी दुसरा कागद घेतला आणि कोन दुभागून दाखवला.

पुढचे कित्येक महिने मी तशीच शिकवत राहिले. लंब, दुभाजक, समांतर रेषा, सगळं घड्यांनी. केंद्रप्रमुख तपासणीला आले तेव्हा त्याच मुलीने उठून त्यांना घडी घालून तिन्ही कोनांची बेरीज १८० अंश होते हे करून दाखवलं. त्यांनी शेरेबुकात चांगला शेरा लिहिला आणि मुख्याध्यापकांनी तो मला वाचून दाखवला. मी "बरं" म्हटलं, सही केली आणि पाचवीच्या तासाला गेले.

आवाज परत कधी आला ते आठवत नाही. बहुधा पुढच्या वर्षी, कोणाला तरी रागावताना.