इंजिनात बघायची दुर्बीण

भिंगारच्या आमच्या गॅरेजात ती दुर्बीण लष्करी भंगाराच्या लिलावातून आली. गॅरेजचे मालक पूर्वी पलटणीत गाड्यांचं काम बघायचे. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, तरी सगळे त्यांना सुभेदारच म्हणायचे. लिलावात त्यांनी गंजलेल्या जॅकांचा आणि पान्यांचा ढीग घेतला, आणि त्याच्या तळाशी एक लाकडी पेटी निघाली. पेटीत हातभर लांब, बोटाहून बारीक अशी पोलादी नळी. एका टोकाला डोळा लावायची काच, दुसऱ्या टोकाला ज्वारीच्या दाण्याएवढा दिवा आणि त्याच्याजवळ तिरका बसवलेला इवला आरसा. वायर बॅटरीला जोडली की दिवा लागायचा.

"हे मी पलटणीत बघितलंय," सुभेदार म्हणाले. "इंजिन न खोलता आतलं बघायचं."

तेव्हा गाडी तेल खायला लागली, निळा धूर सोडायला लागली, की आत काय झालंय ते कळायला इंजिनाचं डोकं खोलावं लागायचं. त्यात सगळा दिवस जायचा. या नळीनं काम सोपं होणार होतं. प्लग काढायचा, त्याच्या भोकातून नळी आत सोडायची आणि बघायचं. पण बघणं जमायला पाहिजे ना. आमच्या फिटरनं डोळा लावला आणि म्हणाला, "धुकं हाय नुसतं." सुभेदारांना चष्म्यामुळं काहीच दिसेना. मग मी वाकलो. आधी मलाही पिवळा धुरळाच दिसला. नळी जरा फिरवली, श्वास रोखला, आणि एकदम भिंत दिसली. राखेनं घासलेल्या पितळी तांब्याच्या आतल्या अंगासारखी, बारीक रेघांची, चकचकीत भिंत. तिच्यावरून तेलाचा एक थेंब हळूहळू खाली येत होता.

"दिसतंय," मी म्हणालो.

त्या दिवसापासून ते काम माझ्याकडं आलं. मी पारनेर तालुक्यातल्या कोरडवाहू गावातला, मॅट्रिकला नापास होऊन भिंगारला आलेला. लग्न नुकतंच झालं होतं. जुन्या बाजारात एका खोलीत आम्ही दोघं राहायचो. गॅरेजात तोवर मी पाने पुसणारा, चाकं काढणारा होतो. आता गाडीवाले माझं नाव विचारत यायला लागले. संगमनेरचे एक डॉक्टर आपली काळी गाडी घेऊन आले, तेव्हा मी चारही प्लगच्या भोकांतून बघितलं आणि सांगितलं की तिसऱ्या सिलिंडरच्या भिंतीला उभी चर पडलीय, बाकीची तिन्ही चांगली आहेत. त्यांनी स्वतः वाकून बघितलं. त्यांना लगेच दिसलं. "अरे, हे तर घशात बघितल्यासारखं आहे," ते म्हणाले आणि लहान मुलासारखे हसले. जाताना माझ्या पाठीवर हात ठेवला.

एका रविवारी गॅरेज बंद असताना मी बायकोला दाखवायला घेऊन गेलो. देवळात जाताना काढावी तशी चप्पल बाहेर काढून ती आत आली. मी नळी धरली, तिनं पदर सावरून डोळा लावला.

"काय दिसतंय?"

"थांबा की." बराच वेळ ती बघत राहिली. "अवो, तव्याचं बूड हाय की हे!"

ती काजळी बघत होती. पेट्रोल जळून जळून पिस्टनच्या माथ्यावर धरते ती. मी तिला पिस्टन खालीवर कसा होतो ते सांगितलं. घरी येईपर्यंत ती प्रश्न विचारत होती. माझ्या आयुष्यातली चांगली वर्षं कुठली असं कुणी विचारलं तर मला ती दोन-अडीच वर्षं दाखवता येतात. त्याआधीची नाहीत आणि नंतरचीही नाहीत.

डोळ्यांचं कधी सुरू झालं ते सांगता येत नाही. आधी मी जॅकला अडखळायला लागलो. जमिनीवर ठेवलेला जॅक सगळ्यांना दिसायचा, मला नाही. नडगीवर कायम जखम असायची. फिटर म्हणायचा, "दिवसाच घ्यायला लागला का काय?" मीही हसायचो. बाजारातून चालताना लोकांचे खांदे लागायचे, एकदा एक सायकलवाला धडकून शिव्या देऊन गेला. संध्याकाळी तर सगळं विझल्यासारखं व्हायचं. दिवेलागणीला मी घराकडं निघायचो तो भिंतीला हात लावत. बायको म्हणायची, "तुमी खाली बघून का न्हाई चालत?" मी म्हणायचो, बघूनच चालतो. आणि ते खरं होतं. बघत होतोच.

तिनं गाजरं आणली, पपई आणली, कुणी सांगितलं म्हणून बकऱ्याची कलेजीही शिजवली. मग एकाहत्तरची लढाई लागली. छावणीत आणि बाजारात रात्रीचे दिवे बंद, काचांना काळे कागद. लोक रस्त्यात चाचपडत चालायचे, एकमेकांवर आपटून माफी मागायचे. त्या दिवसांत मला बरं वाटायचं हे आता सांगताना विचित्र वाटतं. सगळे माझ्यासारखे झाले होते. लढाई संपली, दिवे लागले, आणि बाकीच्यांना पुन्हा दिसायला लागलं.

संगमनेरचे डॉक्टर पुन्हा आले ते गाडीचा क्लच घसरतोय म्हणून. मी गाडीखालून बाहेर आलो आणि पाना शोधायला लागलो. ते माझ्याकडं बघत उभे होते.

"पाना तुझ्या उजव्या हाताशी आहे," ते म्हणाले. "तू कुठं चाचपतोयस?"

मी हात नेला. पाना तिथंच होता.

"इकडं ये. माझ्या नाकाकडं बघ. दुसरीकडं बघू नको. बोट दिसतंय?"

"कुठलं बोट?"

त्यांनी हात हळूहळू मध्ये आणला. अगदी नाकाजवळ आला तेव्हा मला त्यांचं बोट दिसलं. डॉक्टरांनी हात खाली घेतला. क्लचचं राहू दे म्हणाले, आणि पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात त्यांच्या ओळखीच्या डॉक्टरांना सांगून ठेवतो, लवकर जाऊन ये, असं सांगून गेले.

आम्ही दोघं एस.टी.नं पुण्याला गेलो. दवाखान्यात डोळ्यांत थेंब घातले, अंधाऱ्या खोलीत बसवलं. डोळ्यांच्या डॉक्टरांनी एक छोटं दिव्याचं यंत्र घेऊन माझ्या डोळ्यात बघितलं. इतके जवळ आले की त्यांचा श्वास गालाला लागत होता. बराच वेळ बघितलं, मग दुसरा डोळा, मग पुन्हा पहिला. तेव्हाच मी ओळखलं. आतलं वाईट दिसलं की मीही असाच पुन्हा पुन्हा बघायचो आणि गाडीवाल्याला काय सांगायचं ते जुळवत गप्प राहायचो.

"डोळ्याच्या आतला पडदा कडेनं वाळत चाललाय," ते म्हणाले. "हळूहळू मध्यापर्यंत येईल."

"औषध?"

"नाही."

"ऑपरेशन?"

"याला ऑपरेशन नसतं." मग त्यांनी विचारलं, "घरात कुणाला होतं का असं?"

माझा एक चुलता होता. मी लहान असताना तो ओट्यावर बसलेला असायचा, जेवायला हाताला धरून आत न्यायचे. देवीनं नेले डोळे, असं घरात सांगायचे. त्याच्या तोंडावर एकही वण नव्हता, पण मग देवी कसली, हा प्रश्न कुणाला पडला नव्हता. मलाही तो तिथं त्या खुर्चीत बसल्यावरच पडला.

"मुलंबाळं?"

"अजून न्हाई."

"हे रक्तातून जातं. जाईलच असं नाही, पण जाऊ शकतं. दोघं विचार करा."

बायको बाहेर बाकावर बसली होती. परतीच्या एस.टी.त तिनं सगळं विचारलं आणि मी सगळं सांगितलं. मुलांचंही सांगितलं. ती खिडकीकडं तोंड करून बसली. शिरूर गेलं, सुपा गेलं. नगर यायच्या आधी ती एवढंच म्हणाली, "चुलत्यांना मुलं हुती का?"

"न्हाई. लगीनच झालं नव्हतं."

त्यानंतर हा विषय आम्ही कधी काढला नाही. त्या महिन्यापासून मी माझं अंथरूण वेगळं घातलं. आम्हाला मूल झालं नाही. हे मी आत्ता बोलतोय आणि पुतण्याची बायको लिहून घेतेय. या ठिकाणी तिचा हात थांबला, ते मला कळलं. लिही म्हटलं.

सुभेदारांना मी दुसऱ्याच दिवशी सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "दुर्बिणीतून दिसतं का?"

"दिसतं. मधलं अजून चांगलं हाय."

"मग बस."

त्यांनी फिटरला जमिनीवर काही ठेवायचं नाही अशी ताकीद दिली. चाकं, जॅक, पत्र्याचे डबे, सगळं भिंतीशी गेलं. मला हाताला धरून गाडीपाशी न्यायचे, मी वाकून बघायचो, सांगायचो. गाडीवाल्यांना कळू नये म्हणून फिटर मुद्दाम माझ्याशी बोलत बोलत चालायचा. असे काही महिने गेले. मला वाटायला लागलं होतं की हे एवढं मधलं राहील. एवढ्यावर भागेल.

एका दुपारी राहुरीकडचा एक टॅक्सीवाला आला. मी नळी आत सोडली, डोळा लावला. पिवळा उजेड दिसला. बाकी काही नाही. काच पेट्रोलनं पुसली, कापसानं पुसली, पुन्हा बघितलं. पिवळा उजेडच. तेल उडालं असेल म्हणून दुसऱ्या भोकातून बघितलं. मग फिटरला हळूच म्हणालो, "तू बघ रं." तोवर त्यालाही बघायला जमत होतं. तो वाकला आणि म्हणाला, "साफ दिसतंय की. लई चांगलं हाय इंजिन."

मी नळी पुसून पेटीत ठेवली. टॅक्सीवाला विचारत होता, काय झालं, काय झालं. मी म्हणालो, "मला दिसत न्हाई." तो म्हणाला, "म्हंजी इंजिन खराब हाय का?" सुभेदार मध्ये आले आणि त्याला बाजूला घेऊन गेले.

मग मला रॉकेलमध्ये सुटे भाग धुवायला बसवलं. ते हातानं जमत होतं. पण एका सकाळी उठून भिंतीकडं जाताना चालू इंजिनाच्या पंख्याकडं माझा हात गेला. पात्याचा वारा बोटांना लागला आणि कुणीतरी मला मागं ओढलं. ते सुभेदार होते.

"उद्यापासून येऊ नको," ते म्हणाले. "तुझा हात गेला तर मी कुणाला तोंड दाखवू?"

गावी आलो ते नेमकं बहात्तरच्या दुष्काळात. विहिरी कोरड्या पडलेल्या, त्यामुळं त्यांच्यावरची ऑइल इंजिनं बंद. गावात कुठं यंत्राचा आवाज म्हणून नव्हता. मला त्या शांततेचीच भीती वाटायची. बायको दुष्काळी कामावर खडी फोडायला जायला लागली. मी ओट्यावर बसायचो. आई कधी कधी विसरून मला चुलत्याच्या नावानं हाक मारायची, मग जीभ चावायची.

सुभेदार एकदा भेटायला आले, चहापूड आणि गूळ घेऊन. दुर्बिणीचा दिवा गेला म्हणाले, तसला दिवा कुठं मिळत नाही, नगरला बघितलं, पुण्याला माणूस पाठवला. आता पुन्हा डोकं खोलूनच बघतात. मग म्हणाले, "डोळे गेले की कान तिखट होतात म्हणतात. मी बाहेर गाडी चालू करतो. ऐकून सांग काय वाटतं ते."

मी त्यांच्या हाताला धरून गाडीपाशी गेलो. त्यांनी इंजिन चालू केलं. मी बॉनेटवर हात ठेवून, मान खाली घालून ऐकलं. खूप ऐकलं. कुणालाही ऐकू येईल असा तो नुसता गाडीचा आवाज होता. आत काय चाललंय ते मला काही कळलं नाही.

"काय?"

"कळत न्हाई, सुभेदार."

"असू दे," ते म्हणाले. इंजिन बंद केलं नाही. तसेच गाडीत बसून गेले. पुन्हा आले नाहीत. मीही वाट बघितली नाही.

बायको संध्याकाळी यायची ती आधी हात धुवायची. पाणी थोडं असायचं, म्हणून परातीत तांब्याभर पाणी घेऊन त्यात दोन्ही हात बुडवून बसायची. सुरुवातीला ती दिवसभरात काय काय बघितलं ते सांगायची. कोण आलं होतं, कुणाचं लेकरू रडत होतं, मुकादम कसला फेटा बांधून आला होता. माझ्यासाठी सांगायची, हे मला कळायचं. मग हळूहळू ते कमी झालं. ती थकायची. मीही विचारणं सोडलं. पुढच्या वर्षी पाऊस झाला, कामं बंद झाली, ती दुसऱ्यांच्या शेतात कांदे लावायला जायला लागली. आम्ही कधी भांडलो नाही. भांडायला माणसाला काहीतरी हवं असावं लागतं.

एकदा भाकरी वाढताना तिनं विचारलं, "तुमाला माजा चेहरा आठवतो का?"

"व्हय," मी म्हणालो.

थोडंफार दिसत होतं त्या शेवटच्या वर्षात मला तिचा सबंध चेहरा कधी दिसलाच नव्हता. एका वेळी एक डोळा दिसायचा, किंवा नाकातली चमकी, किंवा हनुवटी. ते तुकडे मी जोडायला जातो आणि दर वेळी कुणी वेगळीच बाई होते.

"मग बरं," ती म्हणाली, आणि दुसरी भाकरी टाकायला चुलीपुढं जाऊन बसली.