गऱ्यांचे डबे फुगले ते वर्ष

आमच्याकडे बाईचं लग्न नवऱ्याशी होतं आणि संसार सासूशी. नवरा मुंबईला. चवथीला येतो, जमलं तर शिमग्याला येतो, आणि निघताना रडू नको म्हणून वर दटावतो. माझंही तसंच चाललं होतं. हे, म्हणजे माझे यजमान, मुंबईच्या एका गिरणीत बॉयलरखात्यात होते. साठ सालाच्या आधीमागे एका शिमग्याला आले आणि जेवता जेवता म्हणाले, "आता मी परत जावचंय नाय. हंयच नांदगावात कारखानो काढतंय." मी मागच्या दारी गेले आणि तोंडात पदर कोंबून हसले. कारखाना कसला, हे विचारायचंसुद्धा मला सुचलं नाही.

कारखाना फणसाचा. कल्पना वाईट नव्हती. आमच्याकडे कापा फणस इतका पिकतो की शेवटी शेवटी गुरंही तोंड फिरवतात. त्याचे गरे साखरेच्या पाकात घालायचे, पत्र्याच्या डब्यांत भरायचे आणि फोंडाघाट चढवून कोल्हापूरच्या बाजारात धाडायचे. रस्त्याकडेला शेड उभी राहिली. मुंबईहून दोन जुनी यंत्रं आली. एक हाताने फिरवायचं, डब्याच्या काठाला झाकण मुडपून बसवणारं. दुसरी वाफेची बंद टाकी, वर दाब दाखवणारं घड्याळ. भरलेले डबे त्या टाकीत दाबाखाली शिजायचे. वाफेचं काम ह्यांच्या हातातलं, त्यामुळे टाकीपाशी हे नवरदेवासारखे ताठ उभे राहत.

चांगला डबा कसा ओळखायचा ते ह्यांनीच मला शिकवलं. डबा थंड झाला की आतली वाफ आटते, मग तो आतून ओढ घेतो आणि झाकण जरा खोल जातं. बोटाने दाबलं तरी हलत नाही. झाकण वर आलं आणि दाबल्यावर टक् करून पुन्हा उठलं, तर डबा गेला. म्हणजे कुठून तरी आत काही शिरलं आणि गरे आंबले. रोज सकाळी फळीवरचे डबे दाबत जायचं काम माझ्याकडे होतं. मी काय दाबत होते ते माझं मला ठाऊक. खोल झाकण म्हणजे हे राहणार. उठलेलं झाकण म्हणजे हे जाणार.

आठवडाभरात झाकणं उठायला लागली.

"खंयतरी वारो घेता," हे म्हणाले, आणि गळतीचा शोध सुरू झाला. आधी संशय फणसाच्या चिकावर. काठाला चीक राहिला तर झाकण नीट बसत नाही, म्हणून आम्ही प्रत्येक डब्याचा काठ खोबरेल लावून आणि मग कढत पाण्याने पुसला. डबे फुगले. मग मुडपायच्या यंत्राची चाकं खोलून घासली. डबे फुगले. टाकीच्या दाराचं रबर बदललं, वाफ एकदम न सोडता सावकाश सोडून पाहिली. आजार रेड्याला आणि औषध पखालीला, दुसरं काय! पण तेव्हा तसं म्हणायचा धीर कोणाला होता?

मग ह्यांनी एकेक डबा तपासायचं ठरवलं. शेडीमागे पाण्याचा खड्डा होता, टाकीतून काढलेले डबे गार करायला त्यातच टाकत. आता हे त्याच्या काठावर उकिडवे बसायचे, तापलेला डबा चिमट्यात धरून पाण्यात बुडवायचे आणि बुडबुडा येतो का बघत राहायचे. सायकलवाला ट्यूब बघतो ना, तसं. बुडबुडा काही येत नसे. मग खात्री करायला डबा आणखी धरायचे, पार गार होईपर्यंत. "एक बुडबुडो नाय गो," असं मला सांगायचे, आणि तोंड असं करायचे की मला त्यांच्याकडे बघवत नसे. इतकं बघून ठेवलेले डबे तर इतरांच्याही आधी फुगले.

एकच डबा कधी फुगला नाही, तो देवाचा. टाकीतून निघणाऱ्या प्रत्येक खेपेतला पहिला डबा सासूबाई देवासाठी काढून घेत. "देवाचो डबो त्या खड्ड्यात बुडवू नको हां! मेले पाय धुतत थंय," असं ओरडून त्या तो फडक्यात धरून घरी आणायच्या आणि देवघरात ठेवायच्या. तिथे तो आपला आपण निवायचा. हळूहळू देवघरात डब्यांची रांग झाली, एकजात खोल झाकणांची. गावात बातमी पसरायला वेळ लागला नाही. "देवाचो डबो फुगणा नाय नि तुमचो फुगता, समजा काय ता," असं एक म्हातारा ह्यांना अंगणात येऊन सांगून गेला. मग देवळात नारळ ठेवून गाऱ्हाणं घातलं. सासूबाईंनी उपास धरला. मीही धरला. देवाला मी मनात म्हटलं, तुझे डबे राखतोस, तर माझा एवढा माणूस राख.

कोल्हापूरच्या दुकानात एक डबा फुटला आणि सगळा माल घाट उतरून परत आला. हे आणि दोन गडी मिळून तो काजूच्या बागेत पुरत होते, तेव्हा आंबलेल्या गऱ्यांचा वास घरापर्यंत येत होता. मला पहिल्यापासून फणस आवडायचा. त्या दिवसानंतर मी तो तोंडाला लावलेला नाही. ऐन पावसात ह्यांनी ट्रंक भरली. बोटी बंद होत्या, म्हणून कोल्हापूरच्या एसटीने मुंबईच्या वाटेला लागले. या खेपेला त्यांनी मला रडू नको असं म्हटलं नाही.

पुढच्या वर्षी चवथीच्या कामाच्या गडबडीत मी कढत दुधाचा पितळी डबा झाकण घट्ट लावून निवायला पाण्यात ठेवला. घंगाळात पाणी जरा जास्त झालं होतं, झाकणाच्या वर आलं. थोड्या वेळाने उघडायला गेले तर झाकण निघेना. जोर लावून काढलं, तर आत निम्मं पाणी. निवता निवता डबा ओढ घेतो, हे मला ह्यांनीच शिकवलं होतं. काठ तापलेला असेपर्यंत झाकण पुरतं आवळत नाही; हवेत निवला तर जराशी कोरडी हवा ओढतो, तिने गरे बिघडत नाहीत. खड्ड्यात निवला तर पाय धुतलेलं पाणी ओढतो, आणि जितका वेळ धरावा तितकं जास्त. बुडबुडा बाहेर येणार कसा? डबा आत पीत होता. देवाने काही राखलं नव्हतं. सासूबाईंच्या सोवळ्याने राखलं होतं.

मला किती आनंद झाला म्हणून सांगू! यंत्रं शेडीत तशीच होती. खड्डा बुजवायचा, उकळलेलं पाणी वापरायचं, एवढंच तर करायचं होतं. ह्यांची वाट बघत मी ते दिवस कसे काढले ते माझं मला माहीत. हे आले, आंघोळ करून ओसरीवर दाढी करायला बसले, तेव्हा मी जवळ जाऊन सांगितलं, "डबे कित्याक फुगले ता माका गावला. खड्ड्याचा पाणी आत जाय होता."

ह्यांचा वस्तरा थांबला नाही.

"ठावक आसा," म्हणाले. "डबे पुरलंय तेव्हाच कळला माका."

मला आधी काही समजलंच नाही. "मगे माका सांगलात कित्याक नाय?"

ह्यांनी वस्तरा पाण्यात बुडवला, पुसला आणि पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. "सांगलं असतंय, तर तू माका परत मुंबैक जावक दिलं असतंस?"

नसतं दिलं. कधीच नसतं दिलं.