न विरघळलेली भुलाबाई

कच्ची माती पाण्यात विरघळते, भाजलेली विरघळत नाही. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या बायकांना मी पहिल्या दिवशी हेच दाखवते. वाटीभर पाण्यात सुक्या मातीचा खडा टाकायचा आणि चहा होईपर्यंत थांबायचं. त्यामुळे ‘मला कळलं नाही’ असं म्हणायची सोय मला नाही.

सौंसरला आमच्या घरामागे, जिथे पूर्वी संत्र्याच्या रिकाम्या पेट्या रचून ठेवायचे, तिथे माझा स्टुडिओ आहे. एक चाक, एक विजेची भट्टी आणि मातीची पोती. भिंतीवर लावायच्या थाळ्या, दिवे, छोट्या मूर्ती असं काय काय मी करते. ‘एवढं शिकून शेवटी चिखलच कालवून राहिली’ हे गल्लीतलं माझ्याबद्दलचं ठरलेलं वाक्य. त्याचा मला राग येतो आणि मी तो दाखवते.

तीन घरं सोडून एक मावशी राहतात. सख्ख्या नव्हेत, गल्लीच्या मावशी. पोळा झाला की त्या वारुळाची माती आणून भुलाबाई घडवतात. आमच्याकडे भुलाबाई, म्हणजे पार्वती, महिनाभर माहेरपणाला येते. भादव्याच्या पुनवेला बसते, मुली रोज संध्याकाळी तिची गाणी म्हणतात आणि कोजागिरीनंतर ती सासरी जाते, म्हणजे तिला पाण्यात शिरवतात, विसर्जन करतात. मावशींची नजर अधू झाली आहे. चेहरा त्या बोटांनीच चाचपून करतात, आणि तो असा होतो की हसतेय की रडू आवरतेय ते शेवटपर्यंत ठरत नाही. माझ्याकडे पदवी आहे, वीस-पंचवीस कोरण्या आहेत. तो चेहरा मला कधी जमला नाही. मला हेवा वाटायचा, स्पष्टच सांगते.

त्या वर्षी नागपूरच्या एका दुकानानं सजावटीसाठी भुलाबाईच्या मूर्ती मागितल्या. माझा नमुना त्यांना आवडला नाही, चेहरा मेलेला वाटतो म्हणाले. मी थेट मावशींकडे गेले. त्यांची भुलाबाई सुकून तयार होती.

‘मावशी, दोन दिवस नेऊ का? नुसती पाहायची आहे.’

‘ने ना वं. तुझ्यापेक्षा जास्त कोनाले समजते मातीतलं?’

घरी आणून मी तिच्यावर प्लास्टर ओतलं. सुकी कच्ची माती ओल्या प्लास्टरमधलं पाणी ओढून घेते आणि चिकटून बसते, हे मला पक्कं माहीत होतं. साबणाचा हात फिरवला की निभेल, असं मी स्वतःला समजावलं. साचा उघडला तेव्हा नाक, ओठ आणि अर्धा गाल प्लास्टरला चिकटून आला होता. ती माती धुऊन काढली, तर साचा मात्र सुरेख निघाला होता. खरं सांगायचं तर आधी मला आनंद झाला. मावशींची आठवण नंतर आली.

साच्यातून काढलेल्या पोकळ मूर्तींना, भट्टीत फुटू नयेत म्हणून, मी तळाशी भोक पाडलं आणि सुकवून सगळ्या एकाच वेळी भट्टीत लावल्या. एक तरी कच्ची बाजूला ठेवावी हे डोक्यातच आलं नाही. डोक्यात फक्त नागपूरचं पार्सल होतं. मावशींना सांगितलेल्या दोन दिवसांचे आठ-दहा दिवस झाले. पुनवेच्या आदल्या दिवशी त्यातलीच एक मावशींसारखी रंगवली, पक्क्या रंगानं, आणि नेऊन दिली. त्यांनी तिच्या गालावरून बोट फिरवलं.

‘गुळगुळीत लागून राहिली.’

‘रंगाचा एक हात मारून दिला, मावशी.’

‘बरं केलंस.’

त्यांची लेक मागेच उभी होती. लोधीखेड्याला दिलेली, महालक्ष्म्यांना म्हणून आलेली. कोजागिरी झाली की परत जाणार होती. महिनाभर संध्याकाळी मी तिथे जात होते, खाऊ ओळखायच्या खेळात मोठ्यानं ओरडत होते. ती दाराशी बसायची, कमी बोलायची. स्वभाव असेल म्हणून मी सोडून दिलं. माझं लक्ष माझ्या भुलाबाईकडे होतं. कुणाला फरक कळतोय का, तेवढंच मी पाहत होते.

मावशी आता नदीवर जात नाहीत. घरीच पितळी गंजात, म्हणजे मोठ्या पातेल्यात, पाणी घेऊन भुलाबाई शिरवतात आणि माती गळली की ते पाणी तुळशीला घालतात. ते आठवलं तेव्हा मूर्ती पाण्यात गेली होती. तीन दिवस मी त्यांच्या घराकडे फिरकले नाही. चौथ्या दिवशी सकाळी त्याच तो गंज दोन्ही हातांनी धरून माझ्याकडे आल्या. पाण्यात भुलाबाई होती तशी बसलेली.

‘माह्या हातची कच्ची माती. एवढ्या वर्षांत असं नाही झालं. तू तं जाणती आहेस, तूच सांग, काहून नाही गळली?’

तेव्हा बोलायला हवं होतं. एका वाक्याचं काम होतं. समोरच्या फळीवर तसल्याच उरलेल्या मूर्ती कागदात गुंडाळून ठेवलेल्या होत्या. मी म्हणाले, ‘माती चिकट असली की होतं कधीकधी.’

मावशींनी मान हलवली. ‘नाही वं. तिले जायचं नाही सासरी. देवी जात नाही म्हनते आन् मी माह्या पोरीले धाडून राहिली!’

दाराशी भरून ठेवलेली लेकीची बॅग त्यांनी त्याच दिवशी रिकामी केली.

दिवाळीत जावई घ्यायला आला. मावशींनी सांगितलं, भुलाबाई गळेल तेव्हा पोरगी येईल. पुढच्या खेपेला तो दोन मोठी माणसं घेऊन आला. बरीच आरडाओरड झाली, सगळी गल्ली ओट्यावर आली. तो पुन्हा आला नाही. मावशी शनिवारी जामसांवलीला मारुतीच्या दर्शनाला जाऊन यायच्या आणि गंजातलं पाणी बदलायच्या. किराणा दुकानात बायका म्हणायच्या, ‘एका मूर्तीपायी म्हातारी पोरीचा संसार मोडून राहिली.’ लोक हसायचे. मी माझी साखर घेऊन घरी यायचे. मावशींना वेडं ठरवलं जात होतं आणि ते वेड माझ्या भट्टीतून निघालेलं होतं, हे दुकानातल्या कुणाला ठाऊक नव्हतं. नागपूरहून मात्र कौतुकाचे निरोप येत होते. सगळ्यांना चेहरा आवडला होता.

हिवाळ्यात लेक स्टुडिओत येऊ लागली. घरी बसून काय करू म्हणाली. माती चांगली मळायची, हाताला जोर होता. मी तिच्याकडे पाहणं टाळायचे. हिचं घर मी मोडलं, ही मूर्तीच्या पाण्याकडे पाहत दिवस काढते आणि मी हिला माती मळायला देते. असल्या विचारांनी मला जेवण गोड लागेना. घरच्यांवर विनाकारण खेकसायला लागले.

संक्रांत झाल्यावर एका दुपारी मी ठरवलंच. दार लोटलं, तिला बसायला सांगितलं.

‘तुला एक सांगायचंय. ती भुलाबाई कच्ची नव्हती. भाजलेली होती. मी...’

‘माहीत आहे मले, ताई,’ ती म्हणाली.

तिनं मातीचे हात पदराला पुसले.

‘आरास करताना उचलली तं खाली भोक दिसलं. आई भोक पाडत नाही. बोटानं वाजवून पाह्यली, टणटण वाजली.’

‘मग तू बोलली का नाहीस?’

‘कशी बोलू? तुमी एवढं केलं माह्यासाठी.’ तिनं एकदा दाराकडे पाहिलं. ‘ते मारतात मले, ताई. मी कोनालेच नाही सांगितलं. आईलेबी नाही. सांगितलं असतं तं ती म्हनली असती, सहन कर. पन तिले देवीचं पटते. तुमाले हे समजलं आन् तुमी ते घडवलं, मी एक शब्द बोलली नव्हती तरी! रोज रात्री तुमचं नाव घेऊन झोपते मी.’

पुढचं वाक्य माझ्या तोंडात तयार होतं. प्लास्टर, तुटलेलं नाक, नागपूरचं दुकान, सगळं. ते ऐकून ती परत गेली नसती. एवढंच झालं असतं की तिला समजून घेणारं जगात कुणीच नव्हतं, हे तिला कळलं असतं. तिच्यासाठीच गप्प राहिले, असं मी हल्ली स्वतःला सांगते. पण तसं नव्हतं. ती माझ्याकडे ज्या नजरेनं पाहत होती, तसं आजवर कुणी पाहिलं नव्हतं, आणि ती नजर मला सोडवेना.

मी तिचा हात हातात घेतला आणि म्हणाले, ‘शेजारी राहून एवढं तर कळतंच गं.’